वाचणारीचं नाव

३ एप्रिल २००७, मंगळवार

हिशोबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात. वाया कशाला घालवायची, म्हणून त्यांवर हे लिहायला घेतलं आहे.

आजपासून कामाला लागले, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. अंबादेवीला नारळ ठेवला आणि तशीच पायी राजकमल चौकात गेले. ताहेरभाईंची टायपिंग इन्स्टिट्यूट सगळ्या अमरावतीला माहीत आहे. माझी लेक तिथेच शिकली. आता टायपिंगच्या मशिनी माडीवर धूळ खात पडल्या आहेत आणि खाली सोळा कॉम्प्युटर आले आहेत. कारभार ताहेरभाईंची मुलगी नगमा पाहते. इंजिनिअर आहे, पुण्याची नोकरी सोडून आली. सगळ्या कामाला बायाच घेतल्या आहेत तिनं.

काम असं : मुंबईच्या एका विश्वस्त संस्थेनं आमच्याकडच्या तीन तालुक्यांत घरोघर फिरून शेतकरी कुटुंबांचे अर्ज भरून घेतले आहेत. ज्या घरावर संकट आलं, तिथल्या मुलांची शाळा आणि वसतिगृह संस्था करणार. हाताने लिहिलेले अकरा हजार अर्ज कॉम्प्युटरात घालायचे. एकीनं वाचायचं, दुसरीनं टाइप करायचं. मी वाचणारी. नगमा म्हणाली, “काकू, तुमचं वाचणं स्वच्छ आहे. पोथी वाचता ना?” मी हो म्हटलं. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटाकडे तिनं पाहिलंही नाही. भरतीचा कागद तिनं स्वतःच भरला, एकेक विचारत. यांचं नाव विचारलं तेव्हा मी रेशनकार्ड पुढे सरकवलं.

हे घरी वाट पाहत होते. कापसाची जिनिंग बंद पडल्यापासून घरीच असतात, आणि दिवाळीत छातीत दुखून नऊ दिवस दवाखान्यात काढल्यापासून मी त्यांना कुठे जाऊ देत नाही. म्हणाले, “झाली का मॅडम?” मी म्हटलं, आधी चहा प्या.

५ एप्रिल, गुरुवार

माझ्या जोडीला अफिफा आहे. बावीस वर्षांची, अकोटची, इथे खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहते. उर्दू शाळेत शिकली, त्यामुळे मराठी वाचायला अडते. पण कानावर पडलं की बोटं अशी चालतात की मला वाचायला दम पुरत नाही. “काकू, जल्दी बोला ना, मी बसून राहिली.” भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक जोडीचे रोजचे अर्ज लिहितात. काल आम्ही सर्वांत खाली होतो.

आज एक गोष्ट घडली, ती लिहून ठेवते. दुपारी तिवसा तालुक्यातला एक अर्ज हाती आला. अर्जदार बाई. पतीच्या रकान्यात यांचंच नाव, आणि त्याच्यापुढे शाईनं ‘मयत’.

माझी जीभ उचलेना. सत्तावीस वर्षांत हे नाव मी तोंडानं उच्चारलेलं नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच. आणि हा काळ कसा आहे? पेपर उघडला की आज या गावचा गेला, उद्या त्या गावचा. दिवाळीत दवाखान्याच्या पायरीवर बसून मी देवीला बोलले आहे की माझं कुंकू राख, मी कशात कमी करणार नाही. आणि तेच नाव घेऊन पुढे मयत म्हणायचं?

“काकू, पतीचं नाव?” अफिफाची बोटं थांबलेली.

मी म्हटलं, “बुधाजी.” आमच्या माहेरच्या गावातला एक म्हातारा होता, माझं बालपण सरायच्या आत गेलेला. त्याचं काही बिघडणार नव्हतं. अर्जाचा नंबर मी चिठ्ठीवर लिहून घेतला. नंतर दुरुस्त करून घेऊ.

१२ एप्रिल, गुरुवार

यांच्या नावाची माणसं एवढी असतील असं वाटलं नव्हतं. चिठ्ठीवर एकोणीस नंबर झाले. सगळे मयत नाहीत, बरेच जिते आहेत, पण एकदा सुरुवात झाली ती झाली.

अफिफा आज हसली. “काकू, या तिवशात सगळे बुधाजीच राहतात का हो?” मीही हसले. “जुनं नाव आहे बाई,” म्हटलं.

तेव्हा सांगता आलं असतं. पण पलीकडच्या कॉम्प्युटरवर प्रणाली बसते. बी.कॉम. झालेली, जिभेला हाड नाही. परवा मी बोलताना ‘आमचे हे’ म्हटलं, तर म्हणाली, “काकू, हे म्हणजे कोण? सरकार का?” सगळ्या खिदळल्या. नावाचं कळलं असतं तर म्हणाली असती, प्रत्येक अर्जाला एक उखाणा घ्या. अकरा हजार अर्ज आणि म्हातारीचे उखाणे.

आज आमची जोडी फळ्यावर पहिली.

१८ एप्रिल, बुधवार

आजपासून तपासणी. कागद आणि पडदा ताडून पाहायचं, चूक दिसली की तांबडी खूण. नगमा म्हणाली, वेळ कमी आहे, ज्या जोडीचे अर्ज त्याच जोडीतली वाचणारी तपासेल. मला हायसं वाटलं. आता सगळे बुधाजी सुधारून घेता येतील.

पण तांबड्या खुणा फळ्यावर टाइप करणारीच्या नावापुढे चढतात हे मला माहीत नव्हतं. एवढ्या खुणा केल्या असत्या तर अफिफाचं नाव खाली गेलं असतं. आणि तिनं विचारलंच असतं, काकू, मी तर तुम्ही बोलल्या तेच टाकलं.

प्रत्येक गठ्ठ्यावर ‘तपासले, बरोबर’ लिहून सही केली. द्वारका. अक्षर चांगलं आलं.

५ मे, शनिवार

काम वेळेत गेलं. ताहेरभाईंनी पेढे वाटले. भारनियमनात पंखे बंद, घामाच्या धारा, तरी सगळ्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. नगमानं सांगितलं की संस्थेचं पुढचं काम अकोला जिल्ह्याचं आहे, अकोल्यात नवं ऑफिस उघडायचं, आठ मुली, आणि त्यांची प्रमुख अफिफा.

अफिफा रडायला लागली. मग माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला अर्ध्यातच धरलं. “काकू, तुमच्यामुळे. तुम्ही नसत्या तर मी कागद वाचत बसले असते.” तिचे वडील हातठेल्यावर भांडी विकतात. चार बहिणींत ही थोरली. म्हणाली, अकोल्याला खोली घेऊन दोघींना शिकायला घेऊन येईन.

चिठ्ठीवर त्रेसष्ट नंबर आहेत. ती पोथीत ठेवली आहे. फेकायला धीर होत नाही, द्यायलाही नाही.

१९ मे, शनिवार

अधिक महिना लागला. रोज एक अध्याय वाचायचा नेम धरला आहे. पोथी उघडली की चिठ्ठी हाती येते. आज हे म्हणाले, “काहून वं, तेच पान धरून बसली मघापासून? अध्याय लांबला का?” मी पान उलटलं.

स्वतःला सांगते की नावानं काय होतं, गाव बरोबर आहे, मुलांची नावं बरोबर आहेत, संस्थेची माणसं समजून घेतील. पोथी समोर असताना हे सांगता येत नाही, मिटली की येतं.

११ जून, सोमवार

संस्थेचं पत्र आलं.

तालुक्याला शिबिरं लावली होती. यादीत नाव पाहून, रेशनकार्ड ताडून मुलांचे दाखले घ्यायचे. त्रेसष्ट घरांची नावं जुळली नाहीत. त्यांना परत पाठवलं. संस्थेनं लिहिलं आहे की असंच काम होणार असेल तर अकोल्याचं काम दुसरीकडे देऊ.

ताहेरभाई सहसा आवाज चढवत नाहीत. आज चढवला. कॉम्प्युटर सांगतो की कोणता अर्ज कोणी टाकला. त्रेसष्टच्या त्रेसष्ट अफिफाच्या नावावर. माझी सही त्या गठ्ठ्यांवर होती. ती त्यांनी पाहिली आणि म्हणाले, “काकूंना काय बोलायचं, त्यांना पडद्यावरचं दिसत तरी असेल का नीट? टाकणारी पोरगीच बेध्यान राहिली.”

अफिफा म्हणाली, “मी ऐकलं ते टाकलं, चाचा.”

एवढंच. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते असं आत्ता लिहिते आहे, पण खरं नाही. मी माझ्या पदराचं टोक घडी करत होते. ताहेरभाईंनी तिला सांगितलं की चौकशी होईपर्यंत घरी राहा. तिनं डबा उचलला, चपला घातल्या आणि गेली.

माझ्यावर कोणी बोटसुद्धा ठेवलं नाही. उलट प्रणालीनं मला पाणी आणून दिलं.

१५ जून, शुक्रवार

नगमानं सगळ्यांना बसवलं. स्वतः चहा ओतला. म्हणाली, “मी तीन तालुक्यांची सगळी यादी कॉम्प्युटरवर लावून पाहिली. रामराव दोनशेच्या वर आहेत. किसनराव आहेत, चंद्रभान आहेत. बाकीच्या जोड्यांकडे उत्तमरावही आहेत, आणि अफिफानं टाकलेल्यांत एकही नाही. एवढ्या अर्जांत. असं कसं होईल?”

प्रणाली म्हणाली, “तिच्या वाटचे सगळे उत्तमराव मुंबईला गेले असतील.” कोणी हसलं नाही.

मला कप देताना नगमा जरा थांबली. म्हणाली, “ही बेध्यानाची चूक नाही. बेध्यानानं नाव चुकतं, पण दर वेळी तेच नाव पुसलं जाऊन दर वेळी तेच दुसरं येत नाही. मी रोज सहापर्यंत इथे असते. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं यावं. दार लावून बोलू.”

प्रणालीवर तिचा संशय असावा. तिच्याकडेच तर पाहत होती, म्हणजे आमच्या दोघींच्या बाजूला.

मी पाचला निघाले. यांची गोळी साडेपाचची असते.

१९ जून, मंगळवार

अंबादेवीला गेले. काही मागता आलं नाही. ओटी तशीच ठेवून परत आले.

ऑफिसात मला आता प्रणालीच्या जोडीला दिलं आहे. हे जिल्हा परिषदेच्या शाळांचं काम, यात नवऱ्यांची नावं नाहीत. नगमा दोनदा टेबलाजवळ आली. एकदा विचारलं, “काकू, काकांची तब्येत कशी आहे?” फार मायेची मुलगी आहे. एवढ्या गडबडीत तिला यांची आठवण राहते.

२२ जून, शुक्रवार

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

दुपारी एक बाई आली. चाळिशीची, पायात प्लास्टिकच्या चपला, सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. तिवशाच्या पलीकडून दोन गाड्या बदलून आली होती. कुणी तरी तिला सांगितलं होतं की यादी राजकमलला बनते. नाव वच्छला. नगमा बाहेर गेली होती, म्हणून ती माझ्याजवळ येऊन बसली. मी म्हातारी दिसले असेन, ओळखीची वाटले असेन.

“बाई, माह्या पोरीचं होस्टेल होऊन राहिलं होतं,” ती म्हणाली. “तं तिथं म्हणते तुया मालकाचं नाव बुधाजी. कोन व हा बुधाजी? माह्या घरात कोनी बुधाजी नाई.”

मी म्हटलं, “तुम्ही सांगितलं नाही का खरं नाव?”

“सांगतलं ना. मालक जिते होते तवा एक डाव नाई घेतलं मी त्याईचं नाव. आता त्या टेबलापुढं चार डाव घ्या लागलं. हजार मानूस रांगीत. अन् तो पोट्टा साहेब म्हणते, बाई, जोरात बोला, आयकू नाई आलं.” तिनं पदर तोंडाशी नेला. “जोरात बोलली बाई मी. उत्तमराव, उत्तमराव करून वरडली. तरी म्हणे यादीत नाई.”

मुलगी टेबलावरच्या की-बोर्डकडे पाहत होती. प्रणालीनं तिला एक बटण दाबू दिलं.

मी नाव न घेण्याचं माझं पुण्य वाचवलं, आणि त्याची किंमत या बाईनं रांगेत उभं राहून दिली. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

वच्छलाला मी माझा डबा दिला. तिनं पोरीला भरवला आणि मला म्हणाली, “देव भलं करो तुमचं.”

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. एप्रिलपासूनचं. हे म्हणाले, “नाव घेतल्यानं मानूस मरत असता, तं शाळेच्या मास्तरनं मले पयलीतच मारलं असतं. रोज हजेरी घेत होता तो.” मला हसू आलं नाही. तेव्हा ते म्हणाले, “त्या पोरीले घरी बसवलं तवा तूच होती ना तिथं?”

मी हो म्हटलं.

“मंग मले कायले सांगून राहिली? मी काय तिले कामावर घेनार हाव?”

२३ जून, शनिवार

चिठ्ठी घेऊन गेले. नगमाच्या टेबलावर ठेवली. दार तिनं लावलं नाही, मीच म्हटलं उघडं राहू दे, सगळ्यांनी ऐकावं. बोलताना टेबल धरून उभी राहिले.

प्रणाली हसली असती तर बरं वाटलं असतं.

नगमानं नंबर मोजले. मग म्हणाली, “माझा पण आकडा त्रेसष्टच आहे.”

मला समजेना.

“काकू, तुमचा भरतीचा कागद मी भरलाय. काकांचं नाव रेशनकार्डावरून मीच उतरवलं होतं. तुमच्या अर्जांत एकही उत्तमराव नाही म्हटल्यावर मला किती वेळ लागणार?”

“मग तू बोलली का नाहीस बाई?”

“तुम्ही याल म्हणून थांबले.” ती खिडकीकडे पाहत राहिली. “वाटलं, मी बोलले तर या पोरी तुमची टिंगल करतील, तुम्ही काम सोडाल. आणि तिकडे ती पोरगी बारा दिवस घरी बसली. अब्बांना पण मी काही सांगितलं नाही. तपासणी त्याच जोडीला द्यायची, हेही माझंच डोकं. तुम्ही एकट्याच मान खाली घालू नका.”

पण मी घातलीच. तिची चूक आणि माझी चूक एका तराजूत बसत नाही.

२५ जून, सोमवार

नगमाबरोबर एसटीनं अकोटला गेले. अफिफाचं घर एका बोळात आहे. तिची आई शहाजादी दारात गहू निवडत होती. आम्हाला पाहून उठली, चटई टाकली, शरबत केलं. लेकीला कामावरून काढलं त्या बाया दारात आल्या तरी शरबत केलं.

अफिफा समोर बसली. मी सगळं सांगितलं. माफ कर म्हटलं.

“मले माहीत होतं,” ती म्हणाली. “पहिल्या हप्त्यातच. एवढे बुधाजी कुठं असतात का? वाटलं, काही तरी असेल तुमचं, देवाधर्माचं. तपासताना सुधारून घ्याल. मग पत्र आलं. चाचा ओरडले तेव्हा वाटलं, आता काकू बोलतील.” तिनं ग्लास खाली ठेवला. “आता बोलतील, आता बोलतील. घरी येईपर्यंत वाटत होतं की मागून हाक येईल.”

शहाजादी म्हणाली, “जाऊ दे बेटा, मोठ्या आहेत.”

“मोठ्या आहेत म्हणूनच,” अफिफा म्हणाली.

नगमानं तिला सांगितलं की संस्थेला सगळं खरं लिहून पाठवलं आहे, अकोल्याचं काम आपल्याकडेच राहिलं आहे, प्रमुख तूच. अफिफा म्हणाली, “येईन. पण माझ्या ऑफिसात पहिल्या दिवशी प्रत्येक वाचणारीला एक कागद द्यायचा. जी नावं तुम्ही तोंडानं घेत नाही ती लिहा. कोणी हसणार नाही. ते अर्ज दुसऱ्या जोडीला जातील. आणि अर्जावर दोघींचं नाव येईल. टाकणारीचं आणि वाचणारीचं.”

नगमानं ते तिथेच वहीत लिहून घेतलं.

२८ जून, गुरुवार

त्रेसष्ट अर्जांची दुरुस्ती आज. ते दुसऱ्या जोडीला द्यायला नगमा तयार होती. मी म्हटलं, नाही, मीच वाचते.

अफिफा आली. खुर्ची ओढून बसली. पडद्यावर नवा रकाना केला होता, त्यात तिनं पहिल्यांदा ‘द्वारका’ टाइप केलं. मग म्हणाली, “वाचा.”

वरचाच अर्ज वच्छलाचा होता. गाव वाचलं. अर्जदाराचं नाव वाचलं. पंखा फिरत होता, बाकीच्या जोड्यांचं वाचणं थांबलं होतं. प्रणालीनं मुद्दाम तिकडे तोंड केलं होतं.

“उत्तमराव,” मी म्हटलं. “मयत.”

बटणं वाजली. “पुढे,” अफिफा म्हणाली.

पाचव्या-सहाव्या अर्जानंतर आवाज स्थिर झाला. विसाव्यानंतर ती नावं यांची राहिली नाहीत, ज्यांची त्यांची झाली. एक उत्तमराव अठ्ठावीस वर्षांचा होता. दुपारी चारला सगळे संपले. नगमानं स्वतः तपासले, स्वतः सही केली आणि मुंबईला पाठवले. संध्याकाळी फोन आला की वच्छलाच्या मुलीचं झालं, बाकीच्यांना पुन्हा बोलावतील.

घरी आले तर हे ओट्यावर बसले होते. “मंग? किती डाव घेतलं आज?”

“त्रेसष्ट.”

“तरी भूक लागलीच हाय मले,” हे म्हणाले. “वाढ.”

वाढलं. भाकरी, तुरीची डाळ, कांदा. जेवताना यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, काय झालं म्हणून. सांगितलं नाही. अफिफानं आज दिवसभरात मला एकदाही काकू म्हटलं नाही.